पायलट नाही, मग एअर फोर्समध्ये इंजिनियर जाऊन करतो काय?

विचारलंय एका ताईंनी. मुलगी पुण्यातच मेकॅनिकल करून बाहेर पडतेय, हिंजवडीतल्या कंपनीची ऑफर हातात आहे, आणि आता म्हणते की मला एअर फोर्सच्या टेक्निकल ब्रांचला जायचंय. तिच्या वडिलांचं म्हणणं असं की पायलट झाली असती तर गोष्ट वेगळी, पण ग्राउंड ड्युटी, म्हणजे न उडणारी नोकरी, म्हणजे तिथं जाऊन विमानं पुसायची का? ताईंचे प्रश्न तीन: काम नक्की काय असतं, वरपर्यंत जाता येतं का, आणि बाहेर पडल्यावर पुढे काय. मी स्वतः एरोनॉटिकल इंजिनियरिंग मेकॅनिकलचा, एअर कमोडोर म्हणून निवृत्त झालो, आता धानोरीत राहतो, म्हणजे सुखोई अजून डोक्यावरूनच जातात. उत्तर लांबणार आहे, आधीच सांगतो.

पुसण्याचं आधी घेऊ. हो, विमान पुसतात, रोज पुसतात, कारण पुसलेल्या पत्र्यावर हायड्रॉलिक तेलाचा नवा ओघळ लगेच दिसतो आणि माखलेल्यावर दिसत नाही. पण ते काम एअरमन लोकांचं, म्हणजे ऑफिसरांच्या खालच्या हवाई सैनिकांचं, आणि तेही ट्रेडप्रमाणे वाटलेलं, एअरफ्रेमवाला वेगळा, इंजिनवाला वेगळा, इलेक्ट्रिकल वेगळा, वेपनवाला वेगळा. ऑफिसरने पाना फिरवायचा नसतो. फिरवायला मिळतो सुरुवातीला, आणि फिरवावा पण, नाहीतर जुना वॉरंट ऑफिसर तुम्हाला कशालाही गुंडाळतो. पण पगार मिळतो तो पाना फिरवून झाल्यावर "हे विमान उडायला योग्य आहे" असं म्हणण्याचा, आणि ते तोंडी नाही, सही करून. प्रत्येक विमानाचं एक दप्तर असतं, फॉर्म ७००, सगळे नुसतं सेव्हन हंड्रेड म्हणतात. मागच्या सॉर्टीत, म्हणजे उड्डाणात, काय स्नॅग, म्हणजे बिघाड, आला, कोणी काय बदललं, कोणी तपासलं, इंधन किती, हत्यारं कोणती, सगळं त्यात. पायलट चालत येतो, ते वाचतो, सही करतो, की विमान त्याचं. परत उतरला, जे काय जाणवलं ते लिहिलं, की विमान पुन्हा आमचं. ह्या दोन सह्यांच्या मधे जे होतं ते टीव्हीवर दिसतं, आणि त्या सह्यांच्या आधीनंतरचं सगळं म्हणजे टेक्निकल ब्रांच.

तिथपर्यंत पोचायचा रस्ता सरळ आहे. हैदराबादजवळ डुंडिगलला एअर फोर्स अकॅडमी, मग बंगळुरूला जलाहळ्ळीत एअर फोर्स टेक्निकल कॉलेज, दोन्ही मिळून साधारण ६२ आठवडे. अकॅडमीत पळवतात, टेक्निकल कॉलेजात पुन्हा पुस्तकं. इंजिनियरिंग कॉलेजात टर्बाइनची थिअरी चार मार्कांसाठी पाठ केलेली असते ती इथं कापून ठेवलेल्या इंजिनासमोर उभं राहून पहिल्यांदा डोक्यात शिरते. मग पोस्टिंग, आणि ज्या टाइपच्या विमानावर पाठवलंय त्याचं वेगळं ट्रेनिंग.

आता काम म्हणजे काय ते एका रात्रीवरून सांगतो. पश्चिमेकडचा एक तळ, मी फ्लाइट लेफ्टनंट, रात्रीचं फ्लाइंग संपलेलं, सगळे घरी जायच्या मूडमध्ये. टूल पेट्या परत जमा करताना एका पेटीतली एक खाच रिकामी. प्रत्येक हत्याराची फोममध्ये कापलेली जागा ठरलेली असते, पेटी उघडल्यावर एका नजरेत कळतं काय नाहीये ते. एक छोटा सॉकेट नव्हता. तुमच्या-आमच्या गॅरेजमध्ये सॉकेट हरवला तर आपण दुसरा आणतो. इथं त्या शिफ्टला ती पेटी ज्या ज्या विमानावर उघडली होती ती सगळी विमानं जागच्या जागी थांबली, कारण तो सॉकेट इंजिनच्या तोंडाशी गेला तर ब्लेडचा चुरा करतो, आणि कंट्रोलच्या रॉडमध्ये अडकला तर स्टिक एका बाजूला वळतच नाही. सकाळच्या सॉर्टी लागलेल्या होत्या. पॅनेल उघडून, टॉर्च आणि लांब दांडीचा आरसा घेऊन इंच इंच बघायचं, बाकी काही नाही. पहाटे कधीतरी एका पॅनेलच्या आत, वायरिंगच्या जुडग्यावर अलगद बसलेला मिळाला.

मला ह्यात सांगायचंय ते त्या सॉकेटबद्दल नाही, ती पेटी ज्याच्याकडे होती त्या कॉर्पोरलबद्दल, म्हणजे एअरमनबद्दल, आहे. सॉकेट नाहीये हे त्यानं स्वतः येऊन सांगितलं होतं. रात्रभर वीस-पंचवीस माणसं जागी राहिली, सकाळचा प्रोग्राम कोलमडला, आणि तरी त्याला कोणी ओरडलं नाही. ओरडायचं नसतंच. कारण आज ह्याला झापलं तर पुढच्या वेळी दुसरा कोणीतरी बाजारातून तसाच एक सॉकेट विकत आणून खाचेत ठेवून देईल आणि झोपायला जाईल, आणि खरा सॉकेट विमानात फिरत राहील. तेवीस-चोवीस वर्षांच्या ऑफिसरला, ज्याला कॉलेजात ग्रुप प्रोजेक्टच्या पलीकडे माणसं सांभाळायची वेळ आलेली नसते, हे पहिल्या दोन-तीन वर्षांत शिकावं लागतं, आणि ज्यांना हे जमत नाही ते पुढे कितीही हुशार असले तरी त्यांच्या सेक्शनमध्ये सगळं कागदावर छान असतं आणि प्रत्यक्षात नसतं.

मिस्टरांना विचारा, आयटीत हे शिकवतात का. असो, खवचटपणा राहू दे.

पुढचा टप्पा स्क्वाड्रनचा, म्हणजे विमानांच्या एका तुकडीचा, सीनियर इंजिनियरिंग ऑफिसर. माझ्या मते अख्ख्या करिअरमधली ही सगळ्यात मजेची आणि सगळ्यात जास्त डोकं खाणारी खुर्ची. स्क्वाड्रनचा सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, पायलट असतो, त्याला उद्या अमुक इतकी विमानं लाइनवर, म्हणजे उडायला तयार, पाहिजेत, आणि ती द्यायची जबाबदारी तुमची. तुमच्याकडे मात्र एक विमान सर्व्हिसिंगला उघडलेलं, एकाचा पंप यायचाय, एकाचं इंजिन बदलायला काढलेलं. मग एका उभ्या विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावायचा मोह होतो, आम्ही त्याला रॉबिंग म्हणतो, आणि ते वेळप्रसंगी करावंच लागतं, पण सवय लागली की एक विमान हळूहळू हाडांचा सापळा होऊन हँगरच्या कोपऱ्यात उभं राहतं आणि त्याला परत उभं करायला दुप्पट काम पडतं.

खरी कसोटी तेलाच्या बाटलीवर लागते. इंजिनातलं तेल ठरावीक तासांनी बाटलीत काढून लॅबला जातं, तिथं स्पेक्ट्रोमीटरवर त्यात लोखंड किती, तांबं किती, क्रोमियम किती ते दहा लाखांत भाग ह्या हिशेबात बघतात, कारण आत एखादं बेअरिंग किंवा गिअर झिजायला लागला की त्याची पावडर आधी तेलात उतरते, आवाज आणि थरथर नंतर येते. समजा लोखंडाचा आकडा मर्यादेच्या आत आहे पण मागच्या तीन बाटल्यांमध्ये तो चढत आलाय. पुढच्या आठवड्यात मोठा सराव. सीओ म्हणणार, मर्यादेत आहे ना? हो सर, मर्यादेत आहे. मग? आता इथं पुस्तक संपलं. पुस्तकाप्रमाणे विमान उडू शकतं. तुम्ही म्हणता, सर, पुढची बाटली ठरलेल्या तासांच्या निम्म्यातच घेऊ, तोपर्यंत मॅग्नेटिक प्लग, म्हणजे तेलातले लोखंडाचे कण धरणारा चुंबक, रोज उघडून बघू, आणि त्यावर बारीक जरी कण दिसला तर इंजिन खाली. कधी कधी सरळ म्हणता, खालीच उतरवतो.

आणि ह्यात गंमत अशी की तुम्ही बरोबर होता की नाही ते महिनोन्महिने कळत नाही. इंजिन डेपोत जातं, उघडतात, रिपोर्ट येईपर्यंत तुमची बदली झालेली असते. कधी रिपोर्ट येतो की बेअरिंग गेलेलंच होतं. कधी येतो की काही विशेष नव्हतं, आणि मग मेसमध्ये थट्टा. पायलटचं यश दिसतं, आमचं बहुतेक यश म्हणजे न घडलेल्या गोष्टी, आणि न घडलेल्या गोष्टीला मेडल मिळणं अवघड. तुमच्या मुलीला हे चालणार असेल तरच ह्या वाटेला जावं असं मला मनापासून वाटतं. सीओला तोंडावर, चारचौघांत, आवाज न चढवता नाही म्हणता येणं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर हसत चहा घेता येणं, ह्याचं ट्रेनिंग जलाहळ्ळीत मिळत नाही. बहुतेक सीओ समजूतदार असतात, कारण शेवटी त्या विमानात बसणारा तोच किंवा त्याची पोरं असतात. एखादा नसतो. तेव्हा सेव्हन हंड्रेडवरची सही आपली आहे एवढं लक्षात ठेवायचं.

इथून पुढे फाटे फुटतात, आणि पुणेकरांना गंमत वाटेल की त्यातले बरेच आपल्या गावातून जातात. सिंहगड रोडनं पुढे खडकवासल्याकडे गिरीनगरला डायट ही संरक्षण खात्याची टेक्नॉलॉजीची संस्था आहे, तिथं आमचे ऑफिसर एमटेकला येतात. त्याच गिरीनगरात मिलिट ही लष्करी टेक्निकल संस्था, तिथं तिन्ही दलांच्या ऑफिसरांचा टेक्निकल स्टाफ कोर्स होतो, आणि हा कोर्स झालेला असणं पुढच्या प्रमोशनला चांगलंच उपयोगी पडतं. काही जण तामिळनाडूत वेलिंग्टनला स्टाफ कॉलेजला जातात. ज्यांना खरंच इंजिनियरिंग करायचंय त्यांच्यासाठी बंगळुरूचे दोन रस्ते आहेत, एक टेस्ट पायलट स्कूलमधला फ्लाइट टेस्ट इंजिनियरचा कोर्स, आणि दुसरा एअर फोर्सची स्वतःची सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूट. ही दुसरी जागा फारशी कोणाला माहीत नसते. ब्राह्मोस सुखोईवरून डागलं ती बातमी आठवत असेल, नोव्हेंबर २०१७ मध्ये पहिल्यांदा. अडीच टनांचं क्षेपणास्त्र, मुळात जमिनीवरून आणि जहाजावरून सुटणारं. त्यासाठी विमानातले मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल बदल नाशिकच्या एचएएलनं, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीनं, केले, पण विमानातलं सॉफ्टवेअर एअर फोर्सच्या इंजिनियरांनी लिहिलं. म्हणजे मुलगी हिंजवडीत बसून कोणाच्या तरी बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळणार त्याऐवजी हे पण करू शकते, अर्थात त्यासाठी नंबर लागायला पाहिजे, सगळ्यांचा लागत नाही.

मग डेपो. सर्व्हिसिंगच्या तीन पायऱ्या असतात, रोजचं स्क्वाड्रनला, ठरावीक तासांचं तळावर, आणि सगळं सुटं करून पुन्हा जोडायचं ते डेपोत, म्हणजे बेस रिपेअर डेपो, बीआरडी. टिंगरेनगर, ५०९ चौक त्या बाजूला राहणाऱ्यांना ९ बीआरडी हे नाव बस स्टॉपसारखं पाठ असतं पण आत काय चालतं ते बहुतेकांना माहीत नसतं. नाशिकजवळ ओझरला ११ बीआरडी आहे, लढाऊ विमानांचा डेपो, तिथं मिग-२९ चं अपग्रेड झालं आणि २०१८ मध्ये तिथंच ओव्हरहॉल केलेलं पहिलं सुखोई बाहेर पडलं. त्याचं मोल कळायला आधीची गोष्ट माहीत पाहिजे. सुखोई-३० आपल्याकडे पहिल्यांदा लोहगावला आलं १९९७ मध्ये, आणि एमकेआय हे सुधारलेलं रूप पण लोहगावलाच, सप्टेंबर २००२ मध्ये. विमान आलं की फोटो निघतात, भाषणं होतात. पण पहिला ओव्हरहॉल कधी येणार, तो कुठं करणार, त्याची जिग, म्हणजे काम करताना भाग धरून ठेवणारा सांगाडा, कोण बनवणार, कुठले पार्ट आपण करू शकतो आणि कुठल्यासाठी मॉस्कोकडे तोंड करून बसावं लागणार, हा विचार त्या फोटोच्या दिवसापासूनच कोणीतरी करावा लागतो. ते कोणीतरी म्हणजे टेक्निकल ब्रांचचे ग्रुप कॅप्टन, एअर कमोडोर.

मला वाटतं ह्या करिअरची खरी मेख इथं आहे आणि ती बाहेरून कळत नाही. रँक वाढते तसा टेबलावरचा काळ लांबत जातो. फ्लाइंग ऑफिसरला आज रात्रीचं विमान दिसत असतं. सीनियर इंजिनियरिंग ऑफिसरला पुढचा महिना, कुठल्या विमानाचे तास संपत आलेत, सगळी एकदम सर्व्हिसिंगला येऊ नयेत म्हणून कुठलं कमी उडवायचं. डेपोच्या कमांडंटला वर्षभराचं टार्गेट. आणि एअर हेडक्वार्टरला मेंटेनन्सच्या बाजूला बसलेल्या माणसाला पंधरा-वीस वर्षांनंतरचं. त्या वेळी तो स्वतः निवृत्त होऊन माझ्यासारखा लष्कराच्या कँटीनच्या रांगेत उभा असणार, पण निर्णय आज घ्यायचा.

एएन-३२ हे मालवाहू विमान घ्या. लेहपासून अरुणाचलपर्यंत वर्षानुवर्षं सामान ह्याच विमानानं टाकलं. मूळ युक्रेनचं. २००९ मध्ये १०५ विमानांचं अपग्रेड करायचा करार झाला, ४० तिकडे पाठवायची आणि उरलेली कानपूरच्या १ बीआरडीत आपण करायची. कागदावर अगदी बरोबर आखणी, हळूहळू काम आपल्या हातात. आणि मग २०१४ मध्ये रशिया-युक्रेनचं फाटलं आणि कानपूरला पार्ट वेळेवर येईनात. करार करणाऱ्यानं २००९ मध्ये हे ओळखायला पाहिजे होतं का? मला नाही वाटत कोणी ओळखलं असतं. पण १९९१ मध्ये सोव्हिएत युनियन फुटलं तेव्हा हाच मार एकदा खाऊन झाला होता, एकाच विमानाचे पार्ट करणारे कारखाने रातोरात वेगवेगळ्या देशांत गेले होते, तेव्हा एकाच दुकानावर भिस्त ठेवायची नाही हा धडा नवा नव्हता. म्हणून डेपोमधली देशीकरणाची खटपट, म्हणजे एखादा सील, एखादा फिल्टर, एखादा ब्रेक पॅड कोइमतूर नाहीतर भोसरीतल्या छोट्या कारखानदाराकडून करून घेणं आणि त्याला उडण्याच्या लायक म्हणून सर्टिफाय करून घेणं, हे काम वरून किरकोळ दिसतं आणि प्रत्यक्षात दोन-दोन वर्षं खातं. पार्ट बनतो लवकर, तो विमानात बसवायचा कागद मिळायला वेळ लागतो, आणि तो लागलाच पाहिजे. मिग-२१ १९६३ मध्ये आलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये चंदीगडला निवृत्त झालं, बासष्ट वर्षं. त्याच्या अपघातांवर सगळे बोलतात, बोलावंच, पण एवढी वर्षं ते उडवत ठेवण्यामागे किती जणांची अख्खी नोकरी खर्ची पडली ह्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

आता थेट प्रश्न, वरपर्यंत जाता येतं का. चीफ होता येत नाही. आजवरचे सगळे चीफ फ्लाइंग ब्रांचचे, आणि स्क्वाड्रनची, तळाची कमांड पण त्यांच्याकडेच. लढणारं दल आहे, त्यात काही चूक आहे असं मला वाटत नाही, पण खुपत नाही असं जो टेक्निकलवाला म्हणेल तो खोटं बोलतोय. आमच्याकडे सगळ्यात वर एअर मार्शलच्या खुर्च्या, एअर हेडक्वार्टरला एअर ऑफिसर इन चार्ज मेंटेनन्स आणि आपल्या नागपूरला मेंटेनन्स कमांडचे प्रमुख. नागपूरच्या खुर्चीखाली देशभरचे डेपो येतात, हे काही लहान राज्य नाही. जुनं उदाहरण हर्जिंदर सिंग ह्यांचं, इंजिनियरिंग कॉलेज सोडून हवाई शिपाई म्हणून भरती झालेला माणूस, एअर व्हाइस मार्शल होऊन मेंटेनन्स कमांडचा प्रमुख झाला, आणि ॲव्ह्रो विमान कानपूरच्या एअर फोर्सच्या डेपोत बनवायचं मनावर घेऊन १९६१ मध्ये ते उडवून दाखवलं. आज तसा एकहाती कारभार चालणार नाही, ऑडिटवाले जगू देणार नाहीत.

आकड्यात सांगायचं तर कमिशन मिळालं की फ्लाइंग ऑफिसर, २ वर्षांनी फ्लाइट लेफ्टनंट, ६ वर्षांनी स्क्वाड्रन लीडर, १३ वर्षांनी विंग कमांडर. इथपर्यंत नीट वागलं, परीक्षा दिल्या की वेळेवर मिळतं. त्यापुढे निवडीचं बोर्ड बसतं आणि सुळका चालू होतो. ग्रुप कॅप्टन निवडीनं, नाही निवडलं तर २६ वर्षांच्या सेवेनंतर टाइम स्केलनं, म्हणजे नुसत्या सेवेच्या वर्षांवर. एअर कमोडोरपासून पुढे जागाच मोजक्या. चांगली चांगली माणसं बोर्डात मागे राहतात, कारण त्या वर्षी जागा तीन आणि लायक नऊ. पगाराचं म्हणाल तर सुरुवात लेव्हल १० म्हणजे बेसिक ५६,१०० आणि १५,५०० मिलिटरी सर्व्हिस पे, वर महागाई भत्ता वगैरे. उड्डाण भत्ता अर्थातच नाही.

पण ताई, तुमच्या मुलीच्या बाबतीत ह्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे, आणि ती घरात आधी नीट बोला. तिला एएफकॅटमधून, म्हणजे एअर फोर्सच्या प्रवेश परीक्षेतून, जे कमिशन मिळेल ते बहुधा शॉर्ट सर्व्हिस, १० वर्षं आणि पुढे ४ वाढवून मिळू शकतात. पेन्शनला लागतात २०. म्हणजे पर्मनंट कमिशन मिळालं नाही तर ती छत्तीस-सदतिसाव्या वर्षी अनुभव घेऊन पण पेन्शनशिवाय बाहेर पडेल. मी वर जे डेपो आणि हेडक्वार्टर सांगितलं ते पर्मनंट कमिशन मिळालेल्यांचं आयुष्य. मुलींना आता पर्मनंट कमिशन मिळतं, पण जागा आणि गुणवत्ता बघूनच, हमी नाही. बाकी मुलगी म्हणून काळजी असेल तर नव्वदच्या दशकापासून बायका ह्या ब्रांचला आहेत. २०१९ मध्ये पहिली महिला फ्लाइट इंजिनियर झाल्या त्या हिना जायसवाल इंजिनियरिंग ब्रांचच्याच. हँगरमधल्या जुन्या वॉरंट ऑफिसरला समोरचा ऑफिसर बाई आहे की बुवा ह्यापेक्षा त्याला काम कळतं की नाही ह्याच्याशी देणंघेणं असतं, हे मी जवळून बघितलंय. त्रास होतो तो बदल्यांचा. दर दोन-तीन वर्षांनी सामान बांधायचं, नवरा दुसऱ्या तळावर, पोराची शाळा तिसरीकडे. हे पुरुष ऑफिसरांनाही होतंच, फक्त त्यांच्या बायका ते निभावून नेतात आणि आम्ही मेसमध्ये त्याचं श्रेय घेतो.

बाहेर पडल्यावर काय? एक गैरसमज आधी काढून टाका. एअर फोर्समध्ये विमानं सांभाळली म्हणून एअरलाइनमध्ये आपोआप विमानावर सही करायचा अधिकार मिळत नाही. त्यासाठी डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याचं, लायसन्स, म्हणजे परीक्षा द्यायच्या, आणि त्या नोकरीत असतानाच द्यायला सुरुवात केलेली बरी. शॉर्ट सर्व्हिसवाल्यांनी तर सहाव्या-सातव्या वर्षापासूनच. नागपूरला मिहानमध्ये एअर इंडियाचा विमान दुरुस्तीचा मोठा तळ झाला, असे आणखी होतायत. डिफेन्सचं काम करणाऱ्या खाजगी कंपन्या पुण्यात आहेत, त्यांना क्वालिटी आणि सर्टिफिकेशन कळणारा माणूस हवाच असतो. शॉर्ट सर्व्हिस करून बाहेर पडलेले काही एमबीए करतात आणि ऑपरेशन्सला जातात. निवृत्त सीनियर ऑफिसरांचं मात्र वेगळं, पहिल्या वर्षात खाजगी नोकरी धरायला सरकारची परवानगी लागते, आणि मनाची तयारी त्याहून जास्त लागते, कारण डेपोत हजारो माणसं हाताखाली असलेल्याला इथं स्वतःचं प्रेझेंटेशन स्वतः करावं लागतं. काही जणांना हे झेपत नाही आणि ते सोसायटीचे चेअरमन होतात. आमच्या सोसायटीत पार्किंगचा प्रश्न त्यामुळेच सुटलेला नाही.

कोणी जाऊ नये तेही सांगतो. ज्याला आयुष्यभर डिझाइन करायचंय, कागदावर नवीन इंजिन काढायचंय, त्यानं डीआरडीओ, एचएएल नाहीतर पुढचं शिक्षण बघावं. इथं दुसऱ्यानं बनवलेलं विमान चालतं ठेवायचं काम आहे, आणि विंग कमांडरच्या पुढे विमानापेक्षा फायलीच जास्त दिसतात. ज्याला हे दुय्यम वाटतं त्याला ते शेवटपर्यंत दुय्यमच वाटत राहतं आणि तो घरच्यांना पण त्रास देतो.

राहिलं हिंजवडीच्या ऑफरचं. हे एक किंवा दुसरं असं आजच ठरवायची गरज नाही. एएफकॅट वर्षातून दोनदा होते, ग्राउंड ड्युटीला वयाची अट २० ते २६, डिग्रीला ६० टक्के पाहिजेत, कितीही वेळा देता येते. नोकरी धरू दे, बरोबर तयारी करू दे. परीक्षा काही फार भयंकर नसते, गळती होते ती एएफएसबीत, म्हणजे निवड मंडळापुढच्या चाचण्या-मुलाखतीत, डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी असं कुठंतरी पाच दिवस बोलावतात आणि तिथं क्लासवाल्यांनी पाठ करून दिलेली उत्तरं पहिल्याच दिवशी उघडी पडतात. चष्मा असला तरी ग्राउंड ड्युटीला ठरावीक नंबरपर्यंत चालतो, म्हणून फॉर्म भरायच्या आधी नोटिफिकेशनमधला नंबर आणि तिचा नंबर ताडून बघा. दात पण दाखवून घ्या. मेडिकलला दात मोजतात, आणि एएफएसबी पास झालेली पोरं दातावरून अडकलेली मी पाहिली आहेत.